तिसऱ्या दिवसाचं ऊन

ताजुन्निसाला पूर्ण नावानं हाक मारणारा माणूस आकुर्डीत एकच, दहा वर्षांतून एकदा येणारा खानेसुमारीचा कारकून. बाकी सगळ्या गावाची ती ताजूबी. नवरा बरकत मिस्त्री मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला ट्रक दुरुस्त करायचा. गॅरेजच्या मागे दोन खोल्या, खोल्यांच्या मागे पत्र्याची शेड, आणि त्या शेडमध्ये ताजूबीच्या कोंबड्या. ट्रकखाली आडवा पडून बरकत गिऱ्हाइकांना सांगायचा, "माझ्या घरात मी तिसऱ्या नंबरावर. पहिला जहीर, दुसऱ्या कोंबड्या, मग मी." खरं तर तो स्वतःला जरा वरच लावत होता. तिसऱ्या नंबरावर कोंबडा होता.

ताजूबी चाकणची. एक्कावन्न साली लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून ताट-वाट्यांबरोबर तीन कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा घेऊन आली. एस.टी.च्या टपावर डालग्यात बसून आलेल्या त्या कोंबड्यानं भर दुपारी आरवून अख्ख्या आकुर्डीला नवरी आल्याची वर्दी दिली. तेव्हापासून तिच्या शेडमध्ये त्याच वंशाची पिलावळ. घरात दखनी, अंगणात मराठी. आवाज दोन्हीकडे सारखाच मोठा. कोंबड्यांवर ओरडली की रस्त्यावरचे ड्रायव्हर गाडी बाजूला घ्यायचे.

आता तिची ती प्रसिद्ध चूक. त्रेसष्ट सालचा चैत्र. सरकारी माणसं साखळ्या आणि झेंडे घेऊन गावच्या जमिनी मोजायला आली होती, कंपन्या येणार म्हणून. ताजूबीची एक इंचही जमीन त्यात नव्हती, पण म्हणून काय तमाशा चुकवायचा? तिनं तीन दिवसांची सोळा पिलं भिंतीच्या सावलीत डालग्याखाली झाकली आणि शेजारच्या अंबुबाईबरोबर गेली बघायला. साहेबाची टोपी वाऱ्यानं उडाली, गावच्या कुत्र्यानं ती पळवली, साखळीवाल्यांचं आपसात भांडण जुंपलं. एवढं सगळं बघून होईपर्यंत सावली भिंतीवरून केव्हाच सरकली होती.

परत येऊन तिनं डालगं उचललं तर पिलं चोची उघडून, पंख पसरून आडवी. तिनं पाण्याची थाळी पुढे सरकवली, पदरानं वारा घातला, स्वतःच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. बारा उठली, चार उठली नाहीत. त्या चार पिलांसाठी ती इतकी रडली की गॅरेजमधला ड्रायव्हर टोपी काढून उभा राहिला. घरात कुणीतरी माणूसच गेलं असं त्याला वाटलं.

त्या वैशाखात ऊन असं पडलं की डांबर चपलेला चिकटायचं. गावभर कोंबड्या पटापट माना टाकायला लागल्या. अंबुबाईच्या पाच गेल्या, पलीकडच्या आळीत कुणाचं खुराडंच्या खुराडं रिकामं झालं. ताजूबीच्याही तीन मोठ्या कोंबड्या गेल्या. पण ती बारा, उन्हात भाजून निघालेली? ती भर दुपारी उकिरडा उकरत होती! चोची जराशा उघड्या, पंख जरासे ढिले, बाकी काही नाही.

दुसरी एखादी म्हणाली असती, अल्लाची मर्जी. ताजूबीही म्हणाली, पण पुढच्या चैत्रात तिनं अल्लाची मर्जी नीट तपासून पाहिली. दोन कोंबड्या एकाच दिवशी रवणाला बसवल्या, म्हणजे अंडी उबवायला. पिलं निघाली, तशी निम्म्यांच्या पायाला लाल दोरा बांधला. दोरेवाल्यांना तिसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात ठेवलं, चोची उघडेपर्यंत, त्याउपर एक क्षण नाही. बाकीची सावलीत. वैशाख सरता सरता लाल दोरे सगळे फिरत होते आणि बिनदोऱ्याची निम्मी गेली होती.

मग तिला चटकच लागली. आठव्या दिवशी ऊन दिलं तर थोडा गुण येतो. पंधराव्या दिवशी दिलं तर पिलू नुसतं धापा टाकतं आणि जसंच्या तसं राहतं. उन्हाळा काढलेल्या कोंबडीची अंडी बसवली तर पिलं आधीच चिवट निघतात. नव्या तलंगेची, जिनं अजून वैशाख बघितलेला नाही, तिची जरा नाजूक. "आईनं सोसलेलं अंड्यात उतरतं," ताजूबी म्हणायची, "आणि उरलेलं तिसऱ्या दिवशी शिकवायचं. नंतर शाळा बंद." हे सगळं तिनं सात-आठ वर्षांत, एकही अक्षर न लिहिता, दोऱ्यांच्या रंगांवर लक्षात ठेवलं होतं.

एकदा पशुसंवर्धन खात्याचे एक साहेब स्कूटर बंद पडली म्हणून गॅरेजवर थांबले, तर तिनं त्यांना शेडमध्ये नेऊन हे सगळं ऐकवलं. साहेब हसले. म्हणाले, "बाई, असं पुस्तकात कुठं नाही." ताजूबी म्हणाली, "मग घाला की. जागा नाही का?" साहेबांनी स्कूटर घेतली आणि पुन्हा त्या रस्त्यानं आले नाहीत.

तर अशी ही बाई. डालग्याखाली तीन दिवसांची पिलं उन्हात ठेवायची, आई-कोंबडी कुंपणाला धडका मारायची, आणि ही शेजारी पाट टाकून त्यांच्या चोचींवर नजर ठेवून बसायची. अंबुबाईला ते बघवायचं नाही. त्यातून गंमत अशी की त्याच वेळी ताजूबीचा एकुलता एक मुलगा जहीर आत खोलीत, ओल्या पडद्याआड, पायांखाली ओलं गोणपाट घालून बसलेला असायचा.

"ताजूबी, तुझं डोकं हाय का ठिकाणावर?" अंबुबाई एकदा म्हणालीच. "पिलास्नी ऊन आन् पोराला पडदा?"

"पिलं वीस असतात, अंबूआक्का," ताजूबी म्हणाली. "विसात एखादं जातंच. जहीर एक हाय."

अंबुबाई तोंडाला पदर लावून घरी गेली.

जहीरचं बालपण त्यामुळे सावलीसावलीनं गेलं. चिंचवडच्या शाळेत तो काळी छत्री घेऊन जायचा, जानेवारीतसुद्धा. पोरं विटीदांडू खेळायची तेव्हा हा लिंबाखाली बसून गुण मोजायचा. डोक्याला टोपी, टोपीखाली ओला रुमाल, रुमालाखाली कांदा. उन्हातून आल्यावर पायांवर पाणी घ्यायचं नाही, ताक प्यायचं नाही, अंग निवेपर्यंत पाण्याला तोंड लावायचं नाही. घराघरांत असतात तसेच नियम, पण इथे ते पाळले जायचे. शाळेत त्याचं नाव छत्रीवाला पडलं आणि मॅट्रिक झाला तरी सुटलं नाही.

आणि मॅट्रिक होईपर्यंत आकुर्डीचं रूप पार पालटलं होतं. ज्या माळावर साहेबाची टोपी उडाली होती तिथे आता भोंगे वाजत होते. सकाळी सातला सायकलींची रांग लागायची. ज्यानं त्यानं पोरगा कंपनीत चिकटवला होता. अंबुबाईचा थोरला भरतीला गेला तेव्हा तिनं पेढे वाटले, आणि शिफ्ट, ओव्हरटाइम, पर्मनंट असे शब्द ती इतक्या सहज बोलायला लागली की जणू लहानपणापासून जात्यावर हेच म्हणत आली होती.

शहात्तरच्या एप्रिलमध्ये जहीरचाही नंबर लागला. भोसरीकडच्या एका कंपनीत उद्धवराव नावाचे फोरमन होते. त्यांची मोटारसायकल बरकतच्या हातची. त्यांनी शब्द टाकला. ताजूबीला वाटत होतं स्टोअर किंवा ऑफिस, पंखा असलेलं काहीतरी. पण जागा होती ती फोर्ज शॉपमध्ये. तिथे लोखंड भट्टीत लालभडक करायचं, चिमट्यानं ओढून काढायचं आणि मोठ्या यांत्रिक घणाखाली धरायचं. सहा महिने टिकला तर पर्मनंट.

चौथ्या दिवशी दुपारी कंपनीची जीप गॅरेजसमोर येऊन थांबली. मागच्या बाजूनं जहीरला दोघांनी धरून उतरवलं. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. उद्धवराव स्वतः बरोबर आले होते.

"मिस्त्री, पोरगा भट्टीपुढं कोसळला," ते म्हणाले. "शेजाऱ्यानं कॉलर धरून मागं ओढला म्हणून बरं. न्हाईतर तोंडावरच पडत होता निखाऱ्यांत. डॉक्टरनं आठ दिवस सुट्टी दिलीय. एकदा पडला, मी सांभाळून घेतलं. दुसऱ्यांदा पडला तर ठेवता यायचं न्हाई. नोकरीचं सोडा, जीव जाईल त्याचा."

जीप गेली. ताजूबी जहीरच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसली आणि तिचा निर्णय एका पट्टीत झाला. "नोकरी सोड. अब्बांबरोबर गॅरेजमध्ये काम कर. चिंचेची सावली आहे तिथं."

जहीर तोवर उठून बसण्याइतका हुशारीत आला होता. तो सहसा आईपुढे बोलायचा नाही. त्या दिवशी बोलला. "अम्मी, तिथं माझ्या शेजारी अंबूमावशीचा थोरला उभा असतो. माझ्याच वयाचा आहे, माझ्याएवढाच आहे. तो आठ तास उभा राहतो. मी का नाही? सगळी पोरं मला छत्रीवाला म्हणतात, मी हसतो. मला हसू येत नाही, अम्मी. मला एकदा तरी लोकांसारखं व्हायचंय. मी सोमवारी परत जाणार."

ताजूबीनं हातातली पट्टी खाली ठेवली. इतकी वर्षं कोंबड्यांच्या पायांना दोरे बांधणाऱ्या बाईला हे कळायला एकोणीस वर्षं का लागली, हे मला विचारू नका. तिलाही तोच प्रश्न पडला. ती गॅरेजमध्ये गेली, ट्रकखालून बाहेर आलेल्या बरकतच्या दोन पायांशी बोलली. "अवो, मीच केलं हे. याचा तिसरा दिवस मी चुकवला."

पाय म्हणाले, "पोरगा आहे तो, कोंबडी नाही."

"तेच तर म्हणते," ताजूबी म्हणाली आणि तरातरा शेडकडे गेली.

दुसऱ्या दिवशी बाराचा भोंगा झाला तशी तिनं जहीरला शेडमध्ये नेऊन बसवलं. कंपनीच्या भंगारातले पत्रे, वरून एप्रिलचं ऊन. आत भाकरी भाजता आली असती. खिळ्यांच्या भोकांतून उन्हाचे ठिपके कोंबड्यांच्या पाठीवर पडत होते. बनियनवर जहीर, समोर पाटावर ती स्वतः. तिचा हिशोब सरळ होता: पहिल्या दिवशी पाव तास, मग वाढवत वाढवत एक तास. आणि पोराला भाजायचं तर आपणही भाजून घ्यायचं. एकोणीस वर्षांपूर्वी हे धैर्य झालं नव्हतं, आता वयाची लाज वाटून तरी व्हावं.

बातमी लपणार कशी? अंबुबाई कुंपणावरून डोकावली. आत घामाघूम झालेली मायलेकरं, मध्ये कोंबड्या.

"काय गं हे?"

"तिसरा दिवस," ताजूबी म्हणाली.

"एकोणीस वर्सांनी उजाडला व्हय?" अंबुबाई म्हणाली आणि कपाळावर हात मारून घेतला.

ताजूबीचेच तर शब्द: नंतर शाळा बंद. पंधराव्या दिवशीचं पिलू नुसतं धापा टाकतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी ती बसली. शहाणपण कोंबड्यांच्या बाबतीत चालवावं, मुलाच्या बाबतीत कुणाचं चालतं?

पहिल्या दिवशी जहीर पाव तासात पांढरा पडला. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाव तासातच डोळे फिरवले, तेव्हा तिनं त्याला ओढत बाहेर आणलं, अंगणात बसवलं आणि भिंतीकडे तोंड करून रडली. पाच दिवस उरले होते. सोमवारी तो जाणार म्हणजे जाणारच, बापाचा हट्ट पोरात पुरेपूर उतरला होता. आणि सरावाला भट्टी काही अंगणात ओढून आणता येणार नव्हती.

चौथ्या दिवशी ते पुन्हा बसले. त्याच आठवड्यात निघालेली पिलं शेडमध्ये इकडेतिकडे पळत होती. जहीर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, घाम आला आणि थांबलाही होता. त्याच्या पायाशी एक पिलू चोच उघडून उभं राहिलं, धापा टाकल्या, आणि मग तुरूतुरू जाऊन थाळीतलं पाणी प्यायलं. मान वर करून एक घोट, पुन्हा एक घोट. मग पुन्हा उकरायला पळालं.

ताजूबी पिलाकडे बघत होती. मग तिनं जहीरकडे पाहिलं. त्याच्या हाताशी, एका वितीवर, तिनंच भरून ठेवलेला माठ होता. बाहेर पडल्यावर प्यायला. जहीरची नजर माठावर होती. हात गुडघ्यावर.

"तहान लागलीय?" तिनं विचारलं.

"हो."

"मग?"

"अंग निवल्यावर पिईन."

ताजूबी पाटासकट पुढे सरकली. "कंपनीत? तिथं पाणी नाही ठेवत?"

"ठेवतात की. मोठं पिंप असतं. मिठाच्या गोळ्याही देतात. सगळे दर अर्ध्या तासानं पितात."

"आणि तू?"

"मी शिफ्ट सुटल्यावर. अंग निवलं की."

"आठ तास भट्टीपुढं? बिनपाण्याचा? अरे, कुणी सांगितलं तुला असं करायला?"

जहीरनं आईकडे पाहिलं. म्हणाला, "तूच की अम्मी. पिंपाशी गेलो की हात पुढं होत नाही माझा. भीती वाटते."

"कसली?"

"माहीत नाही कसली. लहानपणी मी उन्हातून येऊन तांब्या उचलला की तू धावत येऊन हिसकावून घ्यायचीस. तेव्हा तुझं तोंड बघायचो मी. काय व्हायचं तुझ्या तोंडाला! पाणी बघितलं की तेच आठवतं."

आता हे सांगायला हवं, कारण ताजूबी त्याबद्दल आजवर कुणाशीच बोलली नव्हती. जहीरच्या आधी तिला एक मुलगी होती, गौहर. सत्तावन्नच्या वैशाखात गौहर चार वर्षांची होती आणि जहीर पाळण्यात. दुपारभर ती ट्रकच्या टायरांमध्ये खेळली आणि लालबुंद होऊन घरात आली. म्हणाली, पाणी. ताजूबीनं तांब्या दिला. पोरीनं तो दोन्ही हातांनी धरून घटाघटा रिकामा केला आणि आणखी मागितलं, तिनं आणखी दिलं. संध्याकाळी ताप चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी गौहर गेली. सासू तेव्हा हयात होती. मयताला आलेल्या बायकांसमोर ती एवढंच म्हणाली, "उन्हातून आलेल्या पोरीला पाणी पाजलं हिनं." सासूचा स्वभाव वाईट नव्हता, दुःखात बोलून गेली आणि विसरलीही असेल. ताजूबी विसरली नाही.

माणसाचं पिलू नुसत्या उन्हा-सावलीतून शिकत नाही. तीन महिन्यांचा जहीर तेव्हापासून आईचा चेहरा बघत वाढला होता, आणि त्या चेहऱ्यावर जे लिहिलं होतं ते त्यानं अक्षरओळख व्हायच्या आत पाठ केलं.

शेडमध्ये ताजूबीनं पेला माठात बुडवला. तो भरून वर आला आणि तिचा हात तिथेच थांबला. पोराचं अंग तव्यासारखं तापलेलं, आणि ती त्याला पाणी देणार होती, पुन्हा, आपल्या हातानं. पेल्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पायांवर सांडायला लागलं. दोन पिलं ते प्यायला आलीसुद्धा.

"अम्मी, राहू दे," जहीर म्हणाला.

"गप्प बस. पी."

"तुझा हात..."

"पी म्हणते ना!" ती अशी ओरडली की रस्त्यावर कुणीतरी ब्रेक दाबला. जहीर प्यायला. एक पेला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यात तिनं चिमूटभर मीठ टाकलं, कंपनीवाले टाकतात म्हणून. मग ती त्याच्यासमोर बसली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

त्या दिवशी जहीरचं कपाळ किती वेळा चाचपलं गेलं, याची मोजदाद नाही. जेवताना, अंघोळीला जाताना, संडासाच्या दारात डबा हातात असताना. बरकत म्हणाला, "अगं, कपाळाचा रंग जाईल." संध्याकाळ झाली. ताप नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठून त्याच्या खाटेशी उभी होती. जहीर तोंड उघडं टाकून घोरत होता. इतकं सुंदर घोरणं आपण उभ्या जन्मात ऐकलं नाही, असं तिला वाटलं.

उरलेले चार दिवस ते दोघं माठ मध्ये ठेवून बसले. सोमवारपर्यंत जहीर तासभर टिकत होता. उन्हाच्या सवयीनं की पाण्यानं, ते ताजूबीला सांगता येत नव्हतं. दोन गोष्टी एकदम केल्या की प्रयोग बिघडतो, हे तिला कोंबड्यांवरून पक्कं माहीत होतं. पण या प्रयोगात दोरा न बांधलेला दुसरा जहीर कुठून आणायचा?

सोमवारी तो गेला. टोपी घेतली, छत्री नाही. पहिला आठवडा ताजूबीनं कोंबड्यांना दाणे दिले की नाही हे कोंबड्यांनाच ठाऊक. रस्त्यावर जीपचा आवाज आला की ती दारात. मे गेला, आणि तो मे काही सौम्य नव्हता. जहीर वाळला, काळा पडला, हातावर चटके बसले, पण पडला नाही. दर अर्ध्या तासानं पिंपाशी जायचा. पहिल्या पहिल्यांदा शेजारी उभा असलेला अंबुबाईचा थोरला त्याला कोपरानं ढोसून आठवण करायचा, पुढे त्याचीही गरज राहिली नाही.

ऑक्टोबरच्या उकाड्यात एका दुपारी पहिली शिफ्ट करून जहीर घरी आला, खिशात पर्मनंटचं पत्र. आईच्या हातात दिलं. ती वाचू शकत नव्हती, पण उलटंसुलटं करून बघितलं. जहीर घामानं निथळत होता. त्यानं चुलीशेजारचा तांब्या उचलला, मान मागे टाकून घटाघटा रिकामा केला, तोंड पुसलं आणि अंबुबाईकडे पत्र दाखवायला पळाला.

ताजूबी रिकाम्या तांब्याकडे बघत राहिली. मग पत्र तिथेच ठेवून गॅरेजमध्ये गेली. बरकत एका ट्रकखाली होता, ट्रकवाला बाजूला विडी ओढत उभा होता. ती बरकतच्या पायांशी खाली मातीत बसली.

"अवो, बाहेर या. एक विचारायचंय."

बरकत सरकत बाहेर आला. तिचं तोंड बघून पाना खाली ठेवला.

"सहा महिने तो रोज भट्टीवरून येतो आणि रोज तांब्याभर पाणी पितो," ताजूबी म्हणाली. "त्याला काही होत नाही. कुणालाच होत नाही. मग आपली गौहर पाण्यानं गेली नव्हती ना?"

एकोणीस वर्षं ही बाई बरकतच्या शेजारी झोपली, उठली, भांडली, आणि हे पोटात घेऊन.

"पाण्यानं? नाही गं ताजू," तो म्हणाला. "ती उन्हानं गेली. मीच तिला दुपारभर टायरांत खेळू दिलं. माझं लक्ष नव्हतं. घरात येऊन तिला तहान लागली होती आणि तू पाणी दिलंस. तेवढंच तिला मिळालं."

"मग मला सांगितलं का नाही कधी?"

"मला वाटायचं, तुला ठाऊक आहे. आणि तू मला दोष देत नाहीस, ते दयेनं."

ताजूबीनं त्याच्या तेलकट बाहीला डोकं टेकलं आणि रडायला लागली. मोठ्यानं, तिच्या नेहमीच्या आवाजात, कसलीही लाज न धरता. रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. बरकतनं हात पुसायला फडकं शोधलं, सापडलं नाही, मग तसाच काळा हात तिच्या पाठीवर ठेवला.

ट्रकवाल्यानं विडी टाकली, जरा घुटमळला आणि विचारलं, "मिस्त्री, अजून किती वेळ लागंल?"

"लागंल तेवढा लागंल," बरकत म्हणाला.